एक मिनिट, तडी

चार लाख बारा हजार.
मीटरचा शेवटचा आकडा अडकतो,
पाच आणि सहाच्या मधे लोंबकळत असतो,
बाकीचं खरं आहे.

गिरमल मगदूम हसला.
चिक्कोडीहून आला होता, खिशात आगाऊ रक्कम,
सोबत मेहुणा.
"इंजिन कितीदा उघडलंय?"
एकदाबी नाही, म्हटलं.
मेहुण्यानं बॉनेट उचललं
आणि आत खोटं शोधत बसला.

गाडी मूळची गडहिंग्लजची.
आमच्याकडं आली आणि केए बावीस झाली.
पाटी बदलली, रंग बदलला,
इंजिनावरचा नंबर तोच.

यात माझं काय नाही. सगळं इनास मिस्त्रीचं.
म्हापशात कोबी-ढबू उतरवून
रिकामी गाडी चोर्ला चढवून दामटत आणली होती,
जांबोटीच्या अलीकडं त्याच्या पत्र्याच्या शेडपुढं
थांबवली, चावी फिरवली.
तो आतून ओरडला: "तडी!"
म्हटलं, बंद झाली की गाडी.
"गाडी झाली. टर्बो अजून फिरायलाय आत,
आणि तू त्याचं तेल तोडलास.
पळून आलेल्याच्या तोंडातला तांब्या
हिसकून घेतोस काय रे?"

तडी.
थांब म्हटलं की माणूस बंदच पडतो.
तडी म्हणजे, माझ्या कानाला तरी,
चालू राहा, पण जाऊ नको.

मग बाकीचं हळूहळू.
पहाटे उठल्या उठल्या रेस करू नको,
तुला झोपेतनं उठवून कुणी पोतं दिलं पाठीवर तर?
डिझेल फिल्टरखालचा नट ढिला कर,
पाणी जाऊ दे, वास आला की आवळ.
खानापूरची तांबडी धूळ एअर फिल्टरात बसते,
तो टायरवर आपटू नको, कागद आहे तो.
चढाला वरच्या गिअरात रडवू नको,
खालचा घे. खालच्या गिअराची लाज कसली?

इनासला आता ऐकू येत नाही.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो,
मूठ दातात धरतो, डोळे मिटतो.
दोन नंबरचा नोझल, म्हणतो.
आणि असतो दोन नंबरचाच.

एकदा कणकुंबीच्या चहाच्या गाड्यावर
बिडीच्या पाकिटावर हिशेब मांडला:
दिवसाला दोनदा एकेक मिनिट,
वर्षाचे तीनशे दिवस, नऊ वर्षं.
नव्वद तास.
पावणेचार दिवस मी
गाडी चालू ठेवून कुठंच गेलो नाही.
शेठचे फोन वाजत राहिले.
दारात गाडी गुरगुरत असायची,
तेवढ्यात शालन भाकरी तव्यावर टाकायची.
आवाज तुटला की ताट.
नऊ वर्षांत मला गार भाकरी मिळाली
ती फक्त भांडणाच्या दिवशी.

असो. मगदूम चक्कर मारून आला.
पिरनवाडीपर्यंत गेला असेल,
काचा खाली, तिसऱ्यात ओढत आणल्याचा आवाज
वळणावरूनच आला मला.
अंगणात कचकन ब्रेक.
आणि लगेच चावी.

एवढीशी शांतता.
त्यात काहीतरी अजून फिरत होतं,
कोरडं.

"गाडी चांगलीय," म्हणाला. "चार हजार कमी कर."
मेहुणा नोटा मोजायला लागला.

द्यायची नाही, म्हटलं.
"चार नको, दोन कमी कर."
द्यायची नाही.
"मग बोलावलंस कशाला एवढ्या लांब?"
त्याचंही बरोबरच होतं.
शालन दारात, पदराला हात पुसत,
तिला त्या पैशाचं काय करायचं होतं
ते मला ठाऊक होतं.

मी आत बसलो. चावी फिरवली.
घेतली तिनं, पहिल्याच हाकेला.
डॅशबोर्डवरचा काटा थरथरला, स्थिर झाला.
मगदूमनं घड्याळ बघितलं,
मेहुण्यानं मगदूमला.
"आता काय?"

हात वर केला मी.
तडी.